कपाटाला टेकवलेला खर्ज

पसरणीचा घाट अर्धा चढून झाला होता. लेकीनं तिचा फोन गाडीच्या स्टिरिओला जोडला होता. आम्ही चाललो होतो पाचगणीला, क्वीन या इंग्लिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी जिथं शाळेत होता तिथं, म्हणून वाईपासून ती फक्त क्वीनची गाणी लावत होती. दोन-तीन गाणी झाली, मग 'अनदर वन बाइट्स द डस्ट' सुरू झालं आणि माझ्या बाजूचं दार थरथरायला लागलं. आधी वाटलं रस्ता खराब आहे. मग लक्षात आलं की दार तालात थरथरतंय. तीन ठोके, मग शांत, पुन्हा तीन ठोके. गाडी चालवणारे दादा म्हणाले, "ताई, बेस काढतो जरा. दाराच्या क्लिपा गेल्यात, लई वाजतंय." त्यांनी एक बटण दाबून धरलं, पडद्यावरचा आकडा शून्याच्या खाली उतरत उणे सातावर जाऊन थांबला आणि दार गप्प झालं. गाणं चालूच होतं. फ्रेडी मर्क्युरी गात होता, टाळ्या पडत होत्या, गिटारचा कोरडा, खरवडल्यासारखा आवाजही होता. पण पंगतीत भात सोडून सगळं वाढावं तसं ते गाणं झालं. मी मागे वळून लेकीकडे पाहिलं. ती डोळे मिटून, मान हलवत, एकही शब्द न चुकता गात होती. तिच्या लेखी काहीच गेलं नव्हतं.

ते मला बोचत राहिलं.

तिचा त्यात काही दोष नाही. तिची पिढी गाणी ऐकते ती फोनच्या नखाएवढ्या स्पीकरवर. बेस गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते, आणि तेवढी हवा ढकलायला जागा लागते, मोठा पडदा लागतो. फोनमधून तो सूर बाहेर पडतच नाही. त्याचे वरचे उपसूर तेवढे येतात आणि त्यांच्यावरून कान खालचा सूर मनानंच भरून घेतो. म्हणजे हे गाणं ती लहानपणापासून ऐकत असली तरी ज्या माणसानं ते लिहिलं त्याचं स्वतःचं वाद्य तिनं अंगावर घेतलेलं नव्हतं. मी विचारलं, "हे गाणं कुणाचं गं?" ती म्हणाली, "फ्रेडीचं." मी म्हटलं, जॉन डीकनचं, क्वीनमध्ये बेस वाजवायचा त्याचं. तिनं विचारलं, "तो कोण?" आणि मग स्वतःच, "अच्छा, तो चौथा."

मला डीकन माहीत झाला तो मामामुळे. माझा मामा गिरगावात, चाळीतल्या दोन खोल्यांत राहायचा, दिवसा गोदीत कारकुनी करायचा आणि रात्री एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. गणपतीचे दहा दिवस, नवरात्र, गॅदरिंगचा मोसम, एवढे त्याचे खरे दिवस. बाकी वर्षभर मिळेल ती नाईट. त्याची गिटार कलकत्त्याची बनावट होती, लाखेसारख्या लाल रंगाची, आणि मानेजवळ पॉलिश उडून आतलं लाकूड दिसायचं. नव्या तारांचा संच परवडायचा नाही, म्हणून जुन्या तारा मंद वाजायला लागल्या की तो त्या काढून आजीच्या पातेल्यात उकळायचा. तारांच्या वेढ्यांत बोटांचा मळ आणि तेल बसतं, ते उकळल्यावर सुटतं आणि तार पुन्हा काही दिवस खणखणीत बोलते. त्या पाण्याला लोखंडाचा आणि घामाचा मिळून एक वास यायचा. आजी ते पातेलं नंतर तीनदा चिंचेनं घासायची आणि दर वेळी म्हणायची, "पुढच्या वेळी आणलंस ना हे इकडे, तर बघ." पुढच्या वेळी पातेलं तीच काढून द्यायची.

घरी ॲम्प्लिफायर नव्हता. तो ऑर्केस्ट्राच्या मालकाकडे असायचा. विजेशिवाय बेस गिटार जवळजवळ मुकी असते, वाजवणाऱ्यालाही नीट ऐकू येत नाही. म्हणून मामा रात्री खुर्ची ओढून शिसवी कपाटाला खेटून बसायचा आणि गिटारच्या मानेचं टोक कपाटाच्या फळीला टेकवायचा. तार छेडली की सगळं कपाट घुमायचं. वर ठेवलेले पितळी डबे एकमेकांना लागून किणकिणायचे. मी मे महिन्यात राहायला गेले की त्याच कपाटाशेजारी माझी गादी असायची. मी गाल फळीला लावून पडायचे. कानाला जे यायचं त्याला आवाज म्हणावं की नाही कोण जाणे. ते दातांत जाणवायचं, गालाच्या हाडात जाणवायचं. डांबरगोळ्या, जुन्या साड्या आणि लाकूड यांच्या वासातून तो खर्ज यायचा. झोप कधी लागायची कळायचं नाही.

तिथंच ते तीन ठोके मी पहिल्यांदा ऐकले. मामानं नाक्यावरच्या रेकॉर्डिंगवाल्याकडून क्वीनची एक कॅसेट भरून आणली होती. ते गाणं तो पुन्हा पुन्हा मागे घेऊन ऐकायचा, पेन्सिलीनं कॅसेट फिरवून, कारण टेपरेकॉर्डरचं मागे नेणारं बटण अडकायचं. "ऐक," म्हणायचा, "हा माणूस वाजवतो कमी आणि थांबतो जास्त." मला तेव्हा कळायचं ते एवढंच की तिसऱ्या ठोक्यानंतर एक भोक पडतं आणि त्या भोकात पाय आपोआप खाली येतो. मामानं मला ते शिकवायचा प्रयत्न केला. माझी बोटं तारेवर पोचायची नाहीत, त्याला ती धरून दाबावी लागायची, आणि ठोके मारणं जमलं तरी थांबणं जमायचं नाही. मी आवाज लांबू द्यायचे. तो तळहातानं तार बंद करून दाखवायचा. "आवाज कुठं संपवायचा ते आधी ठरव. मग सुरू कर."

कॅसेटच्या कागदावर कुणाची नावं नव्हती. डीकनचं नाव मामाला कुठून कळलं ते मी कधी विचारलं नाही. पण त्यानं ते लेकराला घरातल्या माणसाचं सांगावं तसं सांगितलं होतं, आणि पुढे कधीतरी वाचायला मिळालं तेव्हा मी ते नाव शोधत गेले.

१९ ऑगस्ट १९५१ला लेस्टर शहरात जन्म. विम्याच्या कंपनीत काम करणारा बाप मुलगा अकरा वर्षांचा असताना गेला. या मुलाला दोन नाद होते. रेडिओवरची गाणी टेपवर उतरवून घेणं आणि यंत्रं उघडून आत काय आहे ते पाहणं. वर्तमानपत्रं टाकून जमवलेल्या पैशांतून त्यानं पहिली गिटार घेतली. चौदाव्या वर्षी शाळासोबत्यांचा बँड झाला, त्यात हा साथीची गिटार वाजवायचा. मूळच्या बेसवादकाला काढलं तेव्हा ती जागा यानं घेतली. बेसवाल्यांच्या बाबतीत हे नेहमीचंच आहे. हौसेनं बेस मागून घेणारी माणसं थोडी, रिकामी जागा भरायला सरकलेलीच जास्त. मामाही मूळचा मेंडोलिन वाजवणारा.

१९६९ला तो इलेक्ट्रॉनिक्स शिकायला लंडनला चेल्सी कॉलेजात आला आणि दोन वर्षांनी पहिल्या वर्गात पदवी घेऊन बाहेर पडला. मधे, १९७०च्या ऑक्टोबरात, त्यानं क्वीनचा कार्यक्रम पाहिला. काळे कपडे, अंधूक उजेड, चार सावल्या. फारसा ठसा उमटला नाही, असं त्यानंच नंतर सांगितलंय. काही महिन्यांनी एका नाचाच्या कार्यक्रमात क्वीनचा गिटारवाला ब्रायन मे आणि ड्रमवाला रॉजर टेलर भेटले. त्यांना बेसवाला हवा होता, आधीचे तीन येऊन गेले होते. हा गेला, वाजवलं, फारसं बोलला नाही. सगळ्यात लहान, सगळ्यात शांत, वर वायरी जोडता येणारा. १९७१च्या सुरुवातीला त्याला घेतलं, आणि मग दुसरा कुणी शोधायची वेळ क्वीनवर आली नाही. १९७३च्या पहिल्या अल्बमवर त्याचं नाव उलटं छापलं, 'डीकन जॉन', तसं म्हटलं की भारदस्त वाटतं म्हणून. पुढच्या काळात त्यानं आपलं नाव सरळ करून घेतलं. एवढी एक तक्रार त्यानं केलेली दिसते.

त्याच्याबद्दलची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट एका खोक्याची आहे. १९७२च्या सुमारास लंडनच्या रस्त्यावर, बांधकामाचा राडारोडा टाकायच्या पेटीत, त्याला तारा लोंबणारी एक सर्किटची पट्टी दिसली. एका साध्या ट्रान्झिस्टर रेडिओतली. ती त्यानं घरी नेली, पुस्तकांच्या कप्प्यात ठेवतात तसल्या लहान स्पीकरच्या खोक्यात बसवली आणि एका जाड बॅटरीला जोडली. स्वतःच्या सरावासाठी केलेला ॲम्प्लिफायर. त्याला ना आवाज वाढवायचं बटण होतं ना दुसरं काही. ब्रायन मेनं आपली गिटार त्याला लावून पाहिली आणि त्यातून सनई-कर्ण्यांसारखा, माणसाच्या घशासारखा, काही वेळा तर व्हायोलिनच्या ताफ्यासारखा सूर निघाला. १९७५च्या 'गुड कंपनी' या गाण्यात क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोन वाजवणारा अख्खा जॅझ बँड ऐकू येतो. तिथं तसला कुणी माणूस नाही. सगळी एकट्या मेची गिटार आहे, या खोक्यातून आलेली. हे खोकं पुढे इतकं नावाजलं की जाणकारांनी ते उघडून, मोजून, हुबेहूब नकला केल्या. कचऱ्यातून उचललेली वस्तू. मामाकडे अशी पट्टी असती तर कपाट लागलं नसतं, असं मला बरेचदा वाटलंय. आणि लगेच वाटतं, मग मला ते कपाट मिळालं नसतं.

पाचगणीत पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. सेंट पीटर्स शाळेच्या बाहेर, रस्त्यावर, सिल्व्हर ओकच्या सावलीत गाडी थांबवली. आत जायचं नव्हतंच, शाळा चालू होती. लेकीला फक्त ती जागा बघायची होती. झांझिबारच्या पारशी घरातला फारूख बलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी, आठ वर्षांचा असताना इथं आला, पियानो शिकला, शाळेच्या गायकवृंदात गायला, वर्गमित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढून त्यात पियानो बडवू लागला. त्या बँडमधला बेस म्हणजे चहाची रिकामी लाकडी पेटी, तिला उभी काठी आणि एक दोरी. या डोंगरावर, थंडीत, एक मुलगा ती दोरी ताणून सोडतोय आणि पेटी घुमतेय, हे चित्र मला तिथं उभ्या उभ्या इतकं स्पष्ट दिसलं की मला शिसवी फळीचा गारवा गालाला लागला. फ्रेडीच्या पाठीशी पहिला खर्ज उभा राहिला तो लाकडी पेटीतून, आपल्या पाचगणीत. लेक फाटकाचा फोटो काढत होती. वारा होता, आणि आतून कुठूनतरी खूप मुलांचा एकत्र गलका येत होता. मधल्या सुट्टीचा असावा.

तिथं मला एक गोष्ट सुचली, जी इतकी वर्षं समोर असून मी कधी सरळ मांडली नव्हती. जॉन डीकनला गळा नव्हता. क्वीनमधले बाकीचे तिघं गायचे, एकावर एक आवाज रचून चर्चमध्ये असतात तसे थर उभे करायचे. हा गात नसे. रंगमंचावर त्याच्यापुढेही माइक असायचा, पण रेकॉर्डवर त्यानं गाणं दुसऱ्यांवर सोपवलं. आणि तरी तो गाणी लिहायचा. १९७५ला बायकोसाठी गाणं लिहिलं, 'यू आर माय बेस्ट फ्रेंड'. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. इलेक्ट्रिक पियानो घरी नेऊन त्यावर शिकत शिकत लिहिलं. फ्रेडीला त्या पियानोचा आवाज आवडत नव्हता, त्यानं वाजवायला नकार दिला, तेव्हा डीकननंच वाजवला. पण गायला फ्रेडी. म्हणजे एक नवरा बायकोला म्हणतोय की तू माझी जिवलग मैत्रीण आहेस, घरी परतायला मला तू हवीस, आणि हे सगळं दुसऱ्या माणसाच्या तोंडून, साऱ्या जगासमोर. आपल्या मनातलं इतकं नाजूक काही दुसऱ्याच्या हाती द्यायचं आणि मग चार पावलं मागे उभं राहून त्याला दोन बोटांनी खालून धरून ठेवायचं. यासाठी किती भरवसा लागत असेल. लाजाळू माणसं कुणाकुणाकडून निरोप पाठवतात. याला निरोप्या मिळाला तो फ्रेडी मर्क्युरी.

'अनदर वन'मध्येही तेच. १९८०, म्युनिकचा स्टुडिओ. न्यूयॉर्कमध्ये शीक या डिस्को बँडच्या संगतीत डीकनच्या कानांत नाचाचा ताल भरला होता, तो घेऊन तो आला. बाकीचे बिचकले, रॉकवाले होते ते. ड्रम कोरडा हवा म्हणून त्यात घोंगड्या कोंबायला लावल्या. बेस त्याचा, साथीच्या गिटार त्याच्या, पियानोचे उलटे वाजणारे तुकडे त्याचे, टाळ्याही त्याच्या. फक्त गळा नाही. फ्रेडीनं ते गाणं घसा सोलवटेपर्यंत गायलं असं सांगतात, आणि ऐकताना पटतं. हे गाणं सुटी रेकॉर्ड म्हणून काढा, असं मायकल जॅक्सननं त्यांना सुचवलं. ऑक्टोबरात ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि तीन आठवडे राहिलं. त्याची गती मिनिटाला ११०च्या आसपास आहे, बंद पडलेल्या हृदयावर छाती दाबताना धरतात त्या १०० ते १२०च्या टप्प्यात अगदी मधोमध. लेकीच्या शाळेत एका डॉक्टरबाईंनी मुलांना छाती दाबायला शिकवली तेव्हा हेच गाणं लावलं होतं. गाण्याचे शब्द मरणाचे आहेत हे त्यांना ठाऊक होतं, त्या म्हणाल्या, शब्दांकडे लक्ष देऊ नका, खालचं ऐका.

'अंडर प्रेशर'चं मी फार सांगत नाही. स्वित्झर्लंडमधलं मोंत्रो, १९८१, सोबत गायला डेव्हिड बोवी हा इंग्लिश गायक, आणि बेसचा दोन सुरांचा तो तुकडा, सहा वेळा एकच सूर आणि मग एक खाली. तो कुणाला सुचला याबद्दल त्या खोलीत असलेल्यांच्या आठवणी जुळत नाहीत. जेवायला गेले आणि परत येईपर्यंत डीकन तो विसरला होता, एवढं मात्र बहुतेक सगळ्या कथांत आहे. 'आय वाँट टु ब्रेक फ्री' १९८४चं, तेही त्याचंच, आणि त्याच्या चित्रफितीत म्हातारी आजी होऊन कोचावर पेपर वाचत बसलेला तोच. नाटकीपणा करायचा म्हटला तरी यानं निवडलं काय, तर बसून राहणारी भूमिका.

१९८९ला चौघांनी ठरवलं की यापुढे प्रत्येक गाण्याखाली एकच नाव, क्वीन. कुणी लिहिलं ते सांगायचं नाही, पैसा चौघांत सारखा. बँडचा पैशाचा व्यवहार बघणाराही डीकनच होता. तेव्हा फ्रेडी आजारी होता, हे आत माहीत होतं, बाहेर नव्हतं. २४ नोव्हेंबर १९९१ला तो गेला.

आणि डीकन हळूहळू थांबला. २० एप्रिल १९९२ला वेम्बलीला श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला, तिथं त्यानं माइकपाशी येऊन आलेल्या कलाकारांचे आभार मानले, अगदी थोडक्यात, आणि वाजवलं. पुढच्या वर्षी एका रुग्णालयाच्या मदतीसाठी टेलरबरोबर वाजवलं. १७ जानेवारी १९९७ला पॅरिसमध्ये, बेजारच्या बॅले मंडळीच्या कार्यक्रमात, एल्टन जॉन गायला आणि यानं बेस धरला. त्याच वर्षी शेवटचं एक रेकॉर्डिंग. मग काही नाही. २००१ला क्वीनला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, हा गेला नाही. उरलेले दोघं, मे आणि टेलर, दुसऱ्या गायकांना घेऊन जग फिरत आलेत, याची त्याला हरकत नाही, हिशेबाच्या कागदांवर त्याची संमती असते असं मे सांगतो. तो लंडनमध्येच राहतो, मुलंबाळं, संसार. गायब वगैरे झालेला नाही. फक्त वाजवत नाही.

लोक म्हणतात तो दुःखानं खचला. खचला असेलही, त्याच्या आत जाऊन कुणी पाहिलंय. पण मला पाचगणीच्या त्या रस्त्यावर वाटलं की एवढंच नाही. ज्याच्या तोंडून आपण वीस वर्षं बोललो ते तोंड मिटलं. दुसरा गळा मिळाला असता, उत्तमही मिळाला असता. पण बायकोला लिहिलेली चिठ्ठी कुणाही पोस्टमनच्या हाती देता येते, ती वाचून दाखवायला मात्र एखादाच माणूस चालतो. आवाज कुठं संपवायचा ते आधी ठरवणारा हा वादक. त्यानं तार तळहातानं बंद केली.

असं मी ठरवते, आणि तरी माझ्या मनात एक रागही आहे. का नाही एकदा? एकाच कार्यक्रमाला, एकच गाणं, चेहराही दाखवू नको. काही वर्षांपूर्वी इंग्रजी वर्तमानपत्रात त्याचा चोरून काढलेला फोटो आला होता, रस्त्यानं चाललेला एक म्हातारा, साधं जॅकेट. मी तो मोठा करून पाहिला. त्याच्या बोटांपाशी गेले, अजून तिथं घट्टे आहेत का बघायला. मग मला कळलं मी काय करतेय, आणि मी ते पान बंद केलं. ती लाज अजून आहे.

आणि मामा. मामाचं थांबणं असं नव्हतं, आणि दोघांना एका माळेत ओवायचा मोह मी टाळायला हवा. ऐंशीचं दशक सरता सरता ऑर्केस्ट्रांत नवे कीबोर्ड आले. कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस वाजवू लागला, उजव्या हातानं बाकीचं. ऑक्टोपॅड हे काठ्यांनी वाजवायचं विजेवरचं तालवाद्य आलं, तीन माणसांचं काम एकात आलं. मालकाचा एका नाईटचा एक माणूस वाचला. मामाला कुणी काढलं नाही. गणपती जवळ आले आणि निरोप आला नाही, एवढंच. त्या वर्षी तो अनंत चतुर्दशीपर्यंत रोज संध्याकाळी गोदीतून वेळेवर घरी आला, इस्त्रीचा शर्ट तसाच घालून बसून राहायचा. आजीनं एकदा विचारलं, "जायचं नाही का रे?" तो म्हणाला, "यंदा नाही." पुढच्या मे महिन्यात मी गेले तेव्हा कपाटाशेजारी खुर्ची नव्हती. गिटार पलंगाखाली, चादरीत गुंडाळलेली. नंतर कधीतरी वाडीतल्या एका पोराला त्यानं ती देऊन टाकली. डीकननं थांबायचं ठरवलं. माझ्या मामाला ठरवू दिलं नाही. हा फरक मोठा आहे, आणि मी जेव्हा जेव्हा डीकनच्या मौनाचं कौतुक वाचते तेव्हा मला चादरीत गुंडाळलेलं ते लाल लाकूड दिसतं.

मामा आता बदलापूरला असतो. चौऱ्याहत्तर पूर्ण झाली. कान कमी झालेत. वयानं जातात ते वरचे सूर आधी. चिमण्या जातात, कुकरची शिट्टी जाते, बायकांची बोलणी पुसट होतात. खालचे सूर बराच काळ राहतात. फोनवर त्याला माझं बोलणं कळत नाही, पण खिडकीखालून मालगाडी गेली की तो बोलता बोलता थांबतो आणि ती पूर्ण जाऊ देतो.

उतरताना वाईत चहाला थांबलो. लेक गणपतीच्या घाटाकडे बघायला गेली. दादा गाडी पुसत होते. मी त्यांना विचारलं, दाराचं काही करता येईल का, मला ते गाणं खालच्या आवाजासकट ऐकायचंय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, का ते विचारलं नाही. डिकीतून एक जुनं वर्तमानपत्र काढलं, पान फाडून त्याची चौपदरी घडी केली, दाराच्या आतल्या पॅनलच्या फटीत वरून सरकवली, अंगठ्यानं दाबली. मग दुसरी, खालच्या कोपऱ्यात. हातानं दोनदा थोपटून बघितलं. "आता वाजेल बघा," म्हणाले, आणि स्वतःच आकडा वर आणला. उणे सात, उणे चार, शून्य. शून्यावर थोडं थांबले आणि आणखी दोन वर नेला.

लेक आली, बसली. मी म्हटलं, ते सकाळचं लाव, आणि इकडे पुढे ये, हात दे. तिचा हात सीटच्या बाजूनं पुढे ओढून मी दारावर, काचेच्या खाली, पालथा ठेवला आणि त्यावर माझा. "काय करतेस आई?" गाडी चालू झाली होती, कृष्णेवरचा पूल येत होता. गाणं सुरू झालं. पत्रा वाजला नाही. दार घुमलं. तीन ठोके तिच्या तळहातातून माझ्या तळहातात आले, मग ती मोकळी जागा आली, आणि तिचा हात तिथं किंचित थांबला.